घराखालचे स्टंप बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात जुनं लाकडी घर घेतलं की वर्षभरात कुणीतरी मान वाकडी करून जमिनीकडे बघतं आणि म्हणतं, "स्टंप गेलेले दिसतायत." पुढची झोप उडते. मी ना इंजिनिअर, ना कंत्राटदार. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या वेदरबोर्ड, म्हणजे आडव्या फळ्यांच्या भिंतींच्या घराखाली पोटावर सरपटत गेलेला आणि नंतर ते घर जॅकवर चढलेलं पाहिलेला एक मालक आहे. ओळखीच्यांकडून सतत येणारे प्रश्न एका जागी उतरवले आहेत. नियम मुख्यतः व्हिक्टोरियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले विचारून घ्या.

स्टंप म्हणजे नेमकं काय?

आपल्याला घर म्हटलं की दगडाचं भरीव जोतं आठवतं. इथल्या जुन्या घरांना तसं जोतं नसतं, घर खुंटांवर उभं असतं. जमिनीत पुरलेला हा आखूड खुंट म्हणजे स्टंप. स्टंपांच्या रांगेवर आडवी तुळई असते, ती बेअरर. तुळयांवर काटकोनात कड्या, त्या जॉइस्ट. कड्यांवर पाट, म्हणजे फ्लोअरबोर्ड. ज्यांनी जुन्या वाड्यातला कडीपाट पाहिला आहे त्यांना वेगळं समजवायला नको. तो डोक्यावर असतो, हा पायाखाली.

स्टंप साधारण दीड मीटरच्या आसपास अंतराने असतात. बारा बाय दहा मीटरचं घर धरलं, तुळयांमधलं अंतर १.८ मीटर आणि तुळईवर दर १.५ मीटरला एक स्टंप, तर सात रांगा गुणिले नऊ, म्हणजे ६३ स्टंप झाले. "दोन-चार खुंट बदलायचेत" असं समजून फोन करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा.

रिस्टंपिंग, रिब्लॉकिंग, रिपायलिंग : तीन वेगळी कामं आहेत का?

नाही. मेलबर्नात रिब्लॉकिंग हा शब्द जास्त ऐकू येतो, क्वीन्सलंडात रिस्टंपिंग, न्यूझीलंडमध्ये रिपायलिंग. काम एकच : जुने स्टंप काढून नवे बसवणं.

इतकी वर्षं टिकलेले स्टंप अचानक खराब का होतात?

अचानक होत नाहीत, आपलं लक्ष अचानक जातं.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. स्टंपाचा वरचा भाग कोरडा असतो, तिथे ती जगत नाही. अगदी खोल मातीत ओल असते पण हवा कमी, तिथेही तिचं फारसं चालत नाही. दोन्ही मिळतात ते जमिनीच्या पातळीला आणि तिच्या थोडं खाली. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणारा स्टंप बरोबर मातीच्या रेषेवर पेन्सिलीला टोक काढावं तसा निमुळता झालेला सापडतो. व्हिक्टोरियात जुन्या काळी रेड गम वापरत, पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा, क्वीन्सलंडात आयर्नबार्कसारखी कठीण लाकडं. ही सगळी चिवट जात. म्हणून तर काही घरांत त्यांनी आजोबा-पणजोबांचा काळ काढला. पण मातीत गाडलेलं लाकूड ते लाकूडच.

आपल्या वाड्यांतला खांब कधी मातीत पुरत नसत. खाली दगडाचा तळखडा बसवून खांब त्यावर उभा करत, म्हणजे लाकूड ओलीपासून वर राहायचं. इथे खुंट सरळ खड्ड्यात उभा करून माती लोटली. पुष्कळदा त्याच्या बुडाशी आधार म्हणून फळीचा तुकडाच ठेवलेला असतो. आधी ती फळी चिरडते किंवा कुजते, मग वरचा खुंट धड असला तरी खाली बसतो.

हे झालं कुजण्याचं. दुसरं कारण माती. मेलबर्नच्या पश्चिमेला जमीन बेसाल्टची आहे आणि तिच्यावरची चिकणमाती आपल्या दख्खनच्या काळ्या मातीची सख्खी बहीण शोभावी अशी. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत स्टंप कुजला नसला तरी वर-खाली होतो. ऑस्ट्रेलियाच्या एएस २८७० या मानकात जमिनीचे वर्ग पाडले आहेत. वाळू-खडकासारखी जवळजवळ न हलणारी जमीन 'ए' वर्गात. पुढे एस, एम, एच१, एच२ असं चढत जातं आणि जमिनीचा पृष्ठभाग ७५ मिलिमीटरहून जास्त वर-खाली होऊ शकतो ती 'ई'. अडचणीच्या जागांसाठी वेगळा 'पी' वर्ग आहे. आपल्या घराचा वर्ग कोणता, हे माहीत नसताना स्टंपवर चर्चा करणं म्हणजे ताप न मोजता औषध विचारणं.

लक्षणं कोणती?

दारं चौकटीत घासू लागतात. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघतात. स्कर्टिंग (भिंतीच्या बुडाशी लावलेली पट्टी) आणि पाटांच्या मधे फट पडते, त्यातून वारा येतो. चालताना एखाद्या ठिकाणी जमीन दबते आणि कपाटातली भांडी वाजतात. आमच्याकडे मुलाची गोटी कुठूनही सोडली तरी न चुकता फ्रिजखाली जायची. महिनाभर आम्हाला तो खेळ वाटला.

गोटीने उतार कळतो, कारण कळत नाही. एखाद्या पाटाच्या बाकामुळेही ती घरंगळते. पाणसळ किंवा लेझर लेव्हल लावून प्रत्येक खोलीतली पातळी कागदावर मांडली की चित्र स्पष्ट होतं : सगळं घर एका बाजूला कललंय, मधेच खळगा पडलाय, की कडा बसल्यात आणि मध्य उंच राहिलाय. ही तीन दुखणी वेगळी असतात.

दार अडकतं म्हणजे स्टंप गेलेच ना?

घाई करू नका. फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, अडकणारं दार ऑगस्टमध्ये, म्हणजे हिवाळ्यात, सुटत असेल तर ती मातीची ऋतुप्रमाणे होणारी हालचाल असू शकते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा आणि निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. अर्थात जमीन पायाखाली दबत असेल किंवा तडा दर महिन्याला वाढत असेल तर वर्षभर वाट बघत बसू नये.

खाली जाऊन स्वतः बघता येईल का?

बघता येईल, जागा असेल तर. एकट्याने जाऊ नका, घरात कुणाला तरी सांगून जा. लांब बाह्या, हातमोजे, चष्मा, मास्क आणि डोक्याला लावायचा दिवा हवा. रेडबॅक हे विषारी कोळी तिथले जुने भाडेकरू आहेत.

कोळ्यांपेक्षा मला भीती ॲसबेस्टॉसची वाटते. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती २००३च्या अखेरीस. त्याआधीच्या घरांखाली ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे पडलेले असतात. इतकंच नाही, स्टंप आणि बेअररमधली फट भरायला पॅकर म्हणूनही ते सरकवलेले सापडतात. राखाडी, सिमेंटसारखा पातळ तुकडा दिसला तर हात लावू नका, तोडू नका, तपासून घ्या.

स्टंपाची परीक्षा सोपी आहे. त्याच्याभोवतीची माती वीतभर उकरा आणि स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. कठीण लाकडात तो जात नाही. बिस्किटात गेल्यासारखा गेला तर उत्तर मिळालं. हे जमिनीच्या वर खुपसून बघू नका, तिथे प्रत्येक स्टंप पास होतो. खिळखिळ्या स्टंपाला हलवून, धक्का देऊन बघण्याचा मोहही टाळा, आपण त्याच्याच खाली आडवे असतो. एका स्टंपाभोवतीची माती ओली आणि दुसऱ्याभोवतीची कोरडी असं दिसलं तर ओल कुठून येतेय तेही त्याच फेरीत शोधा.

लाकूड, काँक्रीट की लोखंड : काय घ्यावं?

लाकूड घ्यायचं तर जमिनीत पुरण्यासाठी रसायन मुरवलेलं, एच५ दर्जाचं. एच४ हा कुंपणाच्या खांबांसारख्या कामांचा दर्जा, घराच्या भारासाठी तो घेऊ नये. लाकडावरच्या खुणेत हा आकडा असतो, उतरवून घेताना बघा. क्वीन्सलंडच्या उंच घरांखाली जे खांब दर्शनी असतात तिथे अजूनही पुष्कळांना लाकूडच आवडतं. त्यात गैर काही नाही.

काँक्रीटचे स्टंप व्हिक्टोरियात सर्रास दिसतात. आत सळ्या घालून ओतलेले, १०० मिलिमीटर चौकोनी. कुजत नाहीत, वाळवी खात नाही. पण अमर नाहीत. काँक्रीटला भेग पडली किंवा खारी ओल आत शिरली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. जुन्या काँक्रीट स्टंपाच्या कोपऱ्याची ढलपी निघून तांबडी सळी दिसत असेल तर हीच गोष्ट घडलेली असते.

लोखंडी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले स्टंप हलके, अरुंद जागेत न्यायला सोपे. काहींच्या माथ्यावर आटे असतात, त्यामुळे पुढे घर थोडं बसलं तर पाना फिरवून उंची जुळवता येते. फुगणाऱ्या मातीवर हा फायदा मोठा आहे. समुद्राजवळ किंवा खारट जमिनीत मुलामा किती टिकेल याचा विचार करावा लागतो. नुसतं "गॅल्व्हनाइज्ड आहे" यावर समाधान मानू नये.

माझं मत विचाराल तर सामानापेक्षा खड्डा महत्त्वाचा. उथळ खड्ड्यात बसवलेला उत्तम स्टंप हा वाईट स्टंप असतो. आणि आटेवाला स्टंप घेतलात तर तो कुणीतरी अधूनमधून जुळवायलाही हवा. लोक तो बसवतात आणि पाना गॅरेजमध्ये गंजत पडतो.

सगळेच बदलावेत की खराब तेवढेच?

सगळे एकाच वयाचे, एकाच लाकडाचे असतील आणि निम्म्याहून जास्त गेलेले असतील तर सगळे बदलून मोकळं व्हावं. पुन्हा परवाना, पुन्हा जॅक, पुन्हा तडे हे सोसवत नाही. पण खराबी एकाच कोपऱ्यात, उदाहरणार्थ गळक्या नळाच्या आसपास असेल तर नळ दुरुस्त करून तेवढेच बदलणं शहाणपणाचं. कडेचे नवे, मधले जुने असं मिश्रण झालं तर कधी कधी जुने बसत जातात, नवे जागचे हलत नाहीत आणि मग घराच्या मधोमध खळगा पडतो. आंशिक काम करायचंच तर कुठले बदलले याचा नकाशा जपून ठेवा.

परवाना लागतो का?

व्हिक्टोरियात लागतो. स्टंप बदलणं हे घराच्या आधाराचं काम आहे, म्हणून बिल्डिंग पर्मिट हवं. ते बिल्डिंग सर्व्हेयर देतो. खड्डे खणून झाले की काँक्रीट ओतण्याआधी पाहणी होते, काम संपल्यावर अंतिम पाहणी होते आणि तिचं प्रमाणपत्र मिळतं. हे काम करणारा माणूस नोंदणीकृत असावा लागतो. रिस्टंपिंगसाठी नोंदणीचा स्वतंत्र वर्गच आहे. नाव सरकारी यादीत ऑनलाइन शोधता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, चहा उकळेपर्यंत होतं. क्वीन्सलंडात सर्व्हेयरच्या जागी बिल्डिंग सर्टिफायर भेटेल आणि परवानेवाल्या कंत्राटदारांची यादी क्यूबीसीसी या तिथल्या सरकारी बांधकाम आयोगाकडे असते.

"इतक्याशा कामाला पर्मिट कशाला" असं म्हणणारा कंत्राटदार वाचवतो ते स्वतःचे पैसे. घर विकताना कागद मागितले जातात ते तुमच्याकडे.

कोटेशन घेताना काय बघावं?

मी तीन घेतली. आकडे इतके वेगवेगळे होते की तिघं एकाच घराबद्दल बोलतायत का अशी शंका आली. मग एकेक ओळ शेजारी ठेवून वाचली तेव्हा कळलं की सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये जुने स्टंप आणि खणलेली माती हलवणं धरलेलंच नव्हतं. ती सगळी माझ्या अंगणात राहणार होती.

म्हणून हे लेखी हवं : स्टंपांची संख्या किती, कशाचे, खड्ड्याची खोली आणि रुंदी किती, ती कुणी ठरवली, बेअरर किंवा जॉइस्ट कुजलेले निघाले तर दर काय, पर्मिट कोण काढणार, खाली शिरायला पाट उचकटावे लागले तर परत कोण बसवणार, घर पाणसळीत आणणं यात धरलंय की फक्त स्टंप बदलणं. शेवटचा मुद्दा दोनदा विचारा. घर आहे त्या वाकड्या पातळीवर ठेवून नुसते खुंट बदलून देणारेही असतात आणि कागदावर ते खोटं बोललेले नसतात.

खोलीबद्दल : चिकणमातीत वरचा थर ऋतूप्रमाणे हलतो. स्टंपाचा पाया त्या हलत्या थराच्या खाली जायला हवा. किती खाली, हे मातीचा अहवाल आणि इंजिनिअर ठरवतो. "आम्ही सगळीकडे एवढंच खणतो" हे उत्तर ऐकलं की मी वही मिटतो.

किंमत कशावर हलते? खाली माणूस बसू शकतो की झोपूनच खणावं लागतं, यावर सर्वांत जास्त. त्याखालोखाल खडक लागतो का, उतार किती, आणि घरात मागाहून जोडलेल्या खोल्या किती.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

आधी सगळ्या घराची पातळी मोजतात आणि एक बिंदू धरतात, ज्याच्याशी बाकीचं जुळवायचं. गॅस, पाणी, सांडपाण्याचे नळ कुठून जातात ते बघतात. अंगणातल्या भूमिगत वाहिन्यांची माहिती 'बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया'कडून मिळते. पूर्वी याच सेवेचं नाव 'डायल बिफोर यू डिग' होतं. घर उचललं की ताठ नळ ताणले जातात, म्हणून गॅस आणि नळाच्या कामाला परवानाधारक प्लंबर आधीच ठरवून ठेवावा.

मग एका वेळी थोडे स्टंप घेतात. बेअररखाली जाड लाकडांची चौकट रचतात, तिच्यावर बॉटल जॅक ठेवतात आणि भार हळूहळू जॅकवर घेतात. सगळं घर एकदम हवेत जात नाही, शेजारचे स्टंप भार वाहतच असतात. जुना स्टंप काढला की खड्डा ठरलेल्या खोलीपर्यंत खणतात. पाहणी होते. मग बुडाशी काँक्रीट आणि त्यात नवा स्टंप, ओळंब्यात उभा. काँक्रीट पुरेसं घट्ट झाल्याशिवाय त्याच्यावर भार टाकायचा नसतो. काँक्रीटची ताकद मोजण्याचा प्रघात २८ दिवसांचा आहे. तेवढं कुणी थांबत नाही, पण "आज ओतलं, संध्याकाळी जॅक काढला" हेही चालत नाही. किती दिवसांनी भार येणार, हे आधी विचारून ठेवा.

उचलताना घाई केली की घर ओरडतं. खरंच ओरडतं. लाकडं करकरतात, खिळे चिरकतात, मधेच बंदुकीसारखा आवाज होतो. चांगला कारागीर एका वेळी काही मिलिमीटर उचलतो, दुसऱ्या टोकाला जातो, तिथे उचलतो, परत येतो. पन्नास वर्षांत जे वाकलं ते एका दुपारी सरळ करायला गेलं की काच तडकते.

शेवटी स्टंप आणि बेअरर पट्ट्या, खिळे किंवा बोल्टने बांधतात. वाऱ्याच्या प्रदेशात हे बांधणं फार महत्त्वाचं. १९७४ साली ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन उद्ध्वस्त केलं, त्यानंतर घर छपरापासून जमिनीपर्यंत साखळीसारखं बांधून ठेवण्याचे नियम कडक झाले. नवा स्टंप बसवला आणि बांधला नाही, तर त्या साखळीची शेवटची कडी सुटी राहते.

काम चालू असताना घरात राहता येतं का?

बहुतेक वेळा येतं. गॅस किंवा पाणी काही काळ बंद असू शकतं. लहान मुलं, वृद्ध आणि झोपेच्या वेळा असणारी मंडळी दिवसा दुसरीकडे गेलेली बरी. भिंतीवरचे फोटो आणि काचेचं सामान उतरवून ठेवा. जॅकवर असलेल्या घराखाली मात्र कामगारांखेरीज कुणीही, कितीही उत्सुकता असली तरी, जायचं नाही.

भिंतींना तडे जातील?

जातील. जो "अजिबात जाणार नाहीत" म्हणतो त्याला काम देऊ नका. भिंतीचं प्लास्टर वाकड्या स्थितीत लिंपलं गेलं, जुने तडे वाकड्या स्थितीत बुजवले गेले. घर सरळ झालं की ते बुजवलेले तडे दाबले जाऊन फुगतात आणि दुसरीकडे नवे उघडतात. कॉर्निसचे, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथल्या पट्टीचे, सांधे सुटतात.

दारांची तर गंमतच. आमच्या आधीच्या मालकाने घासणारी सगळी दारं रंधून चौकटीच्या वाकडेपणाला जुळवली होती. घर पाणसळीत आलं, चौकटी काटकोनात आल्या आणि दारं तिरकी दिसायला लागली. वरच्या कोपऱ्यातून बोट जाईल एवढी फट. सुताराने पट्ट्या चिकटवून दोन वाचवली, तिसरं नवं घ्यावं लागलं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता आणि तसा तो कुणाचा दोषही नव्हता. स्टंप बदलायचे ठरत असतील तर दार रंधू नका, एवढंच सांगतो.

घर अगदी सपाट होईल का?

अगदी नाही, आणि हट्ट धरू नका. बांधकामाच्या दर्जाबद्दलच्या व्हिक्टोरियाच्या मार्गदर्शिकेत नव्या घराच्या जमिनीलाही एका खोलीत १० मिलिमीटर आणि दोन मीटर लांबीत ४ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. जुन्या घरातल्या तुळया वर्षानुवर्षं वाकून त्याच आकारात रुळलेल्या असतात. त्यांना जबरदस्तीने सरळ केलं तर तेच बळ भिंतीत आणि छपरात जातं. किती फरक ठेवून थांबायचं ते आधी बोलून घ्या, आकड्यात.

विटांचं घर असेल तर?

ब्रिक व्हिनिअरमध्ये बाहेरची वीट वेगळ्या काँक्रीटच्या पायावर असते आणि आतला लाकडी सांगाडा नि जमीन स्टंपांवर. स्टंप उचलले की आतलं घर वर येतं, बाहेरची वीट जागच्या जागी. खिडक्यांच्या उंबऱ्यापाशी हा फरक दिसतो. विटांच्या भिंतीलाच पायऱ्या-पायऱ्यांचे तडे असतील तर दुखणं त्या पायाचं आहे. स्टंप बदलून ते बरं होणार नाही, त्याचा वेगळा उपाय आणि वेगळा इंजिनिअर.

धुराड्याचंही तसंच. शेकोटीचं बांधकाम स्वतःच्या पायावर असतं, त्यामुळे घर उचललं की शेकोटीपुढची फरशी खड्ड्यात गेल्यासारखी भासते. खाली गेली नाही ती, आपण वर आलो.

अँट कॅप लावली की वाळवीची चिंता मिटली ना?

नाही. स्टंपाच्या माथ्यावरची ती पत्र्याची टोपी वाळवीला अडवत नाही, उघडं पाडते. लाकडाच्या पोटातून गुपचूप वर जाण्याऐवजी तिला टोपीच्या कडेवरून मातीची नळी बांधत जावं लागतं, आणि ती नळी डोळ्याला दिसते. बघणारा डोळा हवा, म्हणजे नियमित तपासणी. टोपी वाकलेली किंवा भोक पडलेली नको. घराखाली जुन्या खुंटांचे तुकडे, फळ्या, पुठ्ठे टाकून जाणाऱ्या कंत्राटदाराला त्याच दिवशी परत बोलवा. ते वाळवीचं जेवणाचं आमंत्रण आहे.

रंग, किचन, टाइल्स : आधी की नंतर?

नंतर. घराला बसायला वेळ द्या, निदान काही आठवडे. फुगणाऱ्या मातीवर एक ऋतू पालटू दिला तर उत्तम. नवं किचन बसवून मग स्टंपांना हात घालणाऱ्याची दगडी ओट्याची फट मी पाहिली आहे.

त्यातच घर उंच करून घेतलं तर?

ते वेगळं काम आहे. क्वीन्सलंडची जुनी घरं मुळातच उंच खुंटांवर बांधत : खालून वारा खेळतो, पूर येतो तेव्हा पाणी खालून जातं, उतारावर जमीन कापावी लागत नाही. ब्रिस्बेनने १९७४, २०११ आणि २०२२चे पूर पाहिले. २०२१-२२च्या पुरांनंतर तिथल्या सरकारने 'रेझिलिएंट होम्स फंड'मधून घरं उंच करायलाही मदत दिली. पण घर उंच केलं की स्टंप लांब होतात, आडवा वारा झेलायला तिरपे आधार लागतात, जिना बदलतो, नगररचनेचे नियम येतात. स्टंप बदलतोच आहोत तर दोन मीटर उचलू, असं जाता जाता होत नाही.

विमा मिळेल?

कुजणं, वाळवी आणि हळूहळू बसणं या गोष्टी सहसा घराच्या विम्यात धरत नाहीत. पॉलिसी वाचा, आशा ठेवू नका.

स्वतः करता येईल?

तपासणी, मोजमाप, खालचा कचरा काढणं हे करा. जॅक लावू नका.

नवे स्टंप परत खराब होऊ नयेत म्हणून काय करायचं?

पाणी. नव्वद टक्के गोष्ट पाण्याची आहे, हा आकडा माझा, शास्त्राचा नाही. पावसाळी नळ्या म्हणजे डाउनपाइप नाल्यात उतरतात की भिंतीच्या बुडाशी, ते भर पावसात छत्री घेऊन बघा. न्हाणीघराखालची जमीन ओली असेल तर नळ गळतोय. बाहेरच्या अंगणाचा उतार घराकडे नको. फुलझाडांचा वाफा भिंतीला चिकटवून रोज पाणी घालू नका.

घराखालून वारा खेळायला ठेवलेल्या जाळ्या मोकळ्या हव्यात. नवा डेक, म्हणजे घराला लागून लाकडी ओटा, बांधला, बागेची माती चढवली आणि जाळ्या बुजल्या, हा हमखास घडणारा प्रकार. मग ओल आत कोंडते आणि बुरशीला घर मिळतं.

झाडाचं नीट ऐका. मोठं झाड चिकणमातीतलं पाणी शोषतं, माती आकसते, त्या बाजूचे स्टंप बसतात. म्हणून लोक झाड तोडतात. मग माती परत पाणी धरते, फुगते, आणि तीच बाजू उलट वर येते. इंजिनिअरला आणि गरज पडली तर झाडांच्या जाणकाराला विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये. कित्येक नगरपालिकांत मोठ्या झाडाला परवानगीही लागते.

जाहिरातीत "रिब्लॉक्ड" लिहिलंय. विश्वास ठेवू?

कधी, किती आणि कुणी, हे तीन प्रश्न विचारा. चार स्टंप बदललेलं घरही विक्रेत्याच्या भाषेत "रिब्लॉक्ड" असतं. पर्मिटची आणि अंतिम पाहणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. विक्रेत्याकडे नसेल तर नगरपालिकेकडे त्या पत्त्यावर पर्मिट निघालं होतं का ते विचारता येतं. घराच्या तपासणीला जो माणूस नेमाल त्याला खाली उतरायला लावा आणि तो दारातून टॉर्च मारून परत आला तर अहवालात "प्रवेश मिळाला नाही" असं वाक्य शोधा. ते वाक्य असलं तर स्टंपांबद्दल त्या अहवालात काहीच नाही, असं समजून पुढचा आकडा बोला.